आपल्यासाठी नसलेला कार्यक्रम

सकाळी सहा पंचावन्नला आमच्या घरात संस्कृत बातम्या लागत. घरात संस्कृत कोणालाच येत नव्हतं. दादा शाळेत गणित शिकवायचे, आईचं शिक्षण सातवीपर्यंत, आणि आजीची तर अक्षरओळखच नव्हती. तरी ‘इयम् आकाशवाणी, सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्’ हे शब्द कानावर आले की आजी फुंकणी बाजूला ठेवून परात पुढे ओढायची. देवाची भाषा वगैरे काही तिच्या मनात नसायचं. तिचा देव मराठीच बोलायचा. पाच मिनिटांनी दुसऱ्या बातम्या लागणार, तोवर भाकरीचं पीठ मळून झालं पाहिजे, एवढीच त्या संस्कृतची तिच्या लेखी किंमत.

कोणालाच कळत नव्हतं, तर पाच मिनिटं रेडिओ बंद का करत नव्हतो? कारण अगदी साधं आहे. आमचा सेट व्हॉल्व्हचा. बटण फिरवल्यावर तो तापून बोलायला लागेपर्यंत अर्धं मिनिट जायचं, आणि केंद्रावर नीट बसलेली सुई कोणी हलवली तर ती पुन्हा जागेवर आणताना दादांच्या कपाळावर आठी चढायची. एरियल म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी. तिला केरसुणी लागली तरी सेट खरखरतो अशी घरातली समजूत. त्यामुळे लागलेला रेडिओ लागलेलाच राहायचा. मराठीत रेडिओ आपण लावतो आणि बातम्या मात्र आपोआप लागतात, हा फरक मला फार नेमका वाटतो. एकदा लावला की पुढे काय लागेल ते आपल्या हातात नसे.

याचा परिणाम असा झाला, की दिवसभरात आम्ही जे ऐकलं त्यातलं निम्मं तरी आमच्यासाठी नव्हतंच. ते शेतकऱ्यांसाठी होतं, गिरणी कामगारांसाठी होतं, सीमेवरच्या जवानांसाठी, बालवाडीतल्या मुलांसाठी किंवा ख्याल कळणाऱ्यांसाठी होतं. आम्ही फक्त त्या खोलीत होतो.

हे पुस्तक आकाशवाणीच्या अशा एका दिवसाचं आहे. पहाटेची धून वाजल्यापासून रात्री प्रसारणाची शेवटची सभा संपेपर्यंत जे जे कार्यक्रम लागत, त्यांतल्या एकेकावर एकेकाने लिहिलं आहे. लिहिणाऱ्यांत निवेदक आहेत, तंत्रज्ञ आहेत, शेती विभागात उमेदवारी केलेले आहेत आणि नुसते ऐकणारेही आहेत. मी या शेवटच्या गटातला. चार-दोन टॉक सोडल्या तर त्या इमारतीशी माझा काही संबंध नाही. तरी प्रस्तावनेचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते आनंदाने घेतलं, कारण ‘सगळं ऐकणारा’ हा एक वेगळाच प्रकारचा श्रोता असतो आणि त्याची बाजू सहसा कोणी मांडत नाही.

आधी नावाबद्दल दोन शब्द. भारतात नियमित नभोवाणी सुरू झाली ती मुंबईत, २३ जुलै १९२७ रोजी. ते काम एका खाजगी कंपनीचं होतं. तीन वर्षांत तिचं दिवाळं वाजलं आणि १९३० मध्ये सरकारने कारभार हाती घेतला. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. ‘आकाशवाणी’ हा शब्द मात्र म्हैसूरचा. तिथल्या एम. व्ही. गोपालस्वामी या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९३५ मध्ये स्वतःचं छोटं केंद्र काढलं, त्याला हे नाव दिलं होतं; पुढे ते साऱ्या देशाने घेतलं. मराठीने ‘नभोवाणी’ हा स्वतःचा शब्द काही दशकं बाळगला, ‘नभोनाट्य’ आणि ‘श्रुतिका’ हे त्याचे सोबती. यांपैकी श्रुतिका अजून जिवंत आहे. २०२३ मध्ये सरकारने फर्मान काढलं की इंग्रजीतही आता आकाशवाणीच म्हणायचं. आमच्या आजीने हे फर्मान पन्नास वर्षं आधीच अंमलात आणलं होतं. तिच्या तोंडी इंग्रजी नाव कधी बसलंच नाही.

दिवसाची सुरुवात धुनेने. तंबोऱ्याच्या झंकारावर व्हायोलिनची ती चढती-उतरती ओळ ऐकून कितीतरी पिढ्यांनी डोळे उघडले. ती रचना वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. हे गृहस्थ मूळचे बोहेमियातले, ज्यू, प्रागमध्ये शिकलेले. युरोपात नाझींचा काळोख दाटू लागला तेव्हा, १९३४ मध्ये, ते मुंबईत आले आणि पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. धून शिवरंजनीच्या अंगाची आहे. एका निर्वासिताने परक्या देशाच्या पहाटेसाठी केलेली धून त्या देशाला आपल्या घरातली वाटू लागली, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर मी ती पुन्हा ऐकली. तिच्यात थोडी उदासी आहे असं आधीही वाटायचं, पण लहानपणी आपण ती उदासी शाळेच्या खात्यावर मांडतो.

मग ‘वंदे मातरम्’, आणि मग ती उद्घोषणा: आकाशवाणीचं हे पुणे केंद्र आहे, ३७८ दशांश ८ मीटर अर्थात ७९२ किलोहर्ट्झवर. हे आकडे मला मंत्रासारखे पाठ होते. दादांनी एकदा पाटीवर ३,००,००० ला ७९२ ने भागायला लावलं. उत्तर ३७८.८ आलं. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. त्याला किलोहर्ट्झने भागलं की लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. घरात गणिताचे मास्तर असल्याचा हा एकमेव आनंददायक प्रसंग. निवेदक रोज पहाटे एक गणित सोडवून उत्तर सांगतो आणि ते रोज बरोबर येतं, याचं मला कितीतरी दिवस नवल वाटत होतं.

तीन सभा असत: सकाळची, दुपारची, संध्याकाळची. केंद्रावरचे लोक बोलतात ते शब्द या पुस्तकात जागोजागी येतील. ‘फिक्स्ड पॉइंट चार्ट’ म्हणजे कोणत्या वारी किती वाजता काय, याचा पक्का आराखडा. ‘क्यूशीट’ म्हणजे त्या दिवसापुरता मिनिटामिनिटाचा हुकूम. ‘पेक्स’ म्हणजे कार्यक्रम अधिकारी, ‘ट्रेक्स’ म्हणजे प्रसारण अधिकारी. चार्ट वाचला तर त्यात देशाची एक कल्पना दिसते. पहाटे भक्तिसंगीत, कारण ती वेळ देवाची. मग बातम्या. मग शास्त्रीय गायन, कारण तेव्हा सकाळचे राग गाता येतात. घरची कामं उरकल्यावर दुपारी वनिता मंडळ. संध्याकाळी गावकऱ्यांसाठी शेतीचा कार्यक्रम आणि बाजारभाव. मुंबईला कामगार सभा. रविवारी मुलांसाठी मुंबईची गंमत जंमत, पुण्याचं बालोद्यान. तरुणांसाठी युववाणी. विविध भारतीवर फौजी भाईंसाठी जयमाला. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे आकाशवाणीचं ब्रीद. आता बहुजन म्हणजे एकसारखे लोक नव्हेत, तेव्हा प्रत्येकाला थोडा थोडा वेळ वाटून दिलेला. पंगतीत वाढतात तसा.

आणि पंगतीत होतं तेच इथेही व्हायचं. शेजारच्या पानातलं दिसायचं.

माझी एक आत्या पुण्यात सदाशिव पेठेत राहायची. तिच्याकडे जमीन म्हणाल तर गॅलरीतल्या तुळशीची कुंडी. पण हरभऱ्यावर घाटेअळी कधी पडते, कपाशीवर बोंडअळी दिसली तर काय करायचं, उसाला पाण्याची पाळी किती दिवसांनी द्यायची, हे तिला तोंडपाठ. संध्याकाळी ती भाजी निवडत बसायची आणि त्याच वेळी शेतीचा कार्यक्रम लागायचा. एकदा आमच्या गावचे काका तिच्याकडे उतरले होते आणि हरभरा गेला म्हणून कपाळाला हात लावून बसले होते. आत्याने मेथीची जुडी सोडवता सोडवता त्यांना फवारणीची वेळ सांगितली. काका चाटच पडले. ‘तुला गं कसं ठाऊक?’ ‘रोज सांगतात की रेडिओवर. तुम्ही ऐकत नाही वाटतं?’ ते खरंच ऐकत नव्हते. त्या वेळी ते पारावर असायचे.

हा विनोद म्हणून मी पुष्कळदा सांगितला आहे. पण त्यात एक अडचण दडलेली आहे आणि ती आकाशवाणीला फार लवकर जाणवली होती. ज्याच्यासाठी कार्यक्रम आहे तो ऐकतोच असं नाही, आणि ऐकलं तरी एकट्याने ऐकून काही होतंच असं नाही. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावर एक प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचं श्रोता मंडळ. आठवड्यातून दोनदा त्यांनी एका जागी जमायचं, शेतीचा आणि गावच्या प्रश्नांचा कार्यक्रम ऐकायचा, आणि रेडिओ बंद झाल्यावर त्यावर बोलायचं. काय ठरलं, काय पटलं नाही, काय विचारायचं आहे, हे केंद्राला लिहून पाठवायचं. उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत. असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले.

या प्रयोगाचं मोजमाप मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं. पॉल न्यूरथ नावाचे अभ्यासक त्यासाठी आले होते. तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावं घेतली: जिथे रेडिओ आहे पण मंडळ नाही, आणि जिथे रेडिओच नाही. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढलेली आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक दिसला नाही. मला या अहवालातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. रेडिओ ज्ञान देतो हे अर्धंच खरं. एका डब्याभोवती बसलेले वीस जण, त्यातला एक ‘हे आपल्याकडं जमायचं नाही’ म्हणणारा, दुसरा ‘का नाही जमायचं’ म्हणून त्याच्यावर धावून जाणारा. डबा गप्प झाल्यानंतरच्या त्या अर्ध्या तासात जे झालं ते खरं प्रसारण.

दक्षिणेत याचंच दुसरं रूप दिसलं. तंजावरकडे ए.डी.टी. २७ जातीच्या भाताचा तिरुची केंद्राने इतका पाठपुरावा केला की शेतकरी त्याला ‘रेडिओ भात’च म्हणू लागले. बियाण्याला त्याची गोष्ट सांगणाऱ्या यंत्राचं नाव पडावं, याहून मोठी पावती कुठल्या कार्यक्रम अधिकाऱ्याला मिळाली असेल असं वाटत नाही.

संगीताकडे वळताना एका मराठी माणसाशी भांडण काढावं लागतं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. विद्वान, संगीतावर जीव असलेले, आणि आपल्याला जे चांगलं वाटतं तेच देशाने ऐकावं अशा ठाम मताचे. चित्रपटगीतं त्यांना सवंग वाटत. त्यांच्या धोरणाने आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली, निर्मात्यांशी बिनसलं, आणि सारा देश रात्री आठला सुई फिरवून रेडिओ सिलोनकडे गेला. युद्धकाळात उभारलेलं जबरदस्त लघुलहरी प्रक्षेपक यंत्र कोलंबोत तयारच होतं. १९५२ च्या अखेरीला तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. गंमत म्हणजे अमीन सयानी ती मुंबईतच ध्वनिमुद्रित करत, टेप विमानाने कोलंबोला जाई, आणि तिथून ती गाणी समुद्र ओलांडून पुन्हा गिरगावात येत. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने विविध भारती काढली. पंडित नरेंद्र शर्मा तिचे पहिले कर्णधार. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ पासून, मुंबई, पुणे आणि नागपूर इथून तिच्यावर जाहिरातीही लागू लागल्या.

केसकरांवर हसणं सोपं आहे आणि मी ते पुष्कळ केलं आहे. पण त्याच गृहस्थांच्या काळात, १९५२ मध्ये, शनिवारी रात्रीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. धारवाडचा गवई जालंधरला आणि कलकत्त्याचा सरोदिया परभणीला ऐकू येऊ लागला. संस्थानं विलीन झाल्यावर गवयांना विचारणारं कोणी उरलं नव्हतं. त्यांची चूल आकाशवाणीच्या कॉन्ट्रॅक्टवर पेटती राहिली. त्यासाठी ऑडिशन द्यावी लागे, आणि नाव कमावलेल्या कलावंतांनाही परीक्षेला बसवलं म्हणून मोठा गहजब झाला. त्या परीक्षा मंडळाचे प्रमुख श्री. ना. रातंजनकर, म्हणजे पुन्हा आपलेच. पेटीची कथा तर आणखी जुनी. तेव्हाचे प्रमुख लायोनेल फील्डन यांच्या अमदानीत, १९४० मध्ये, आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली. पेटीच्या ठरावीक सुरांत आपल्या श्रुती बसत नाहीत, हा आक्षेप. ही बंदी १९७१ च्या सुमारास सैल झाली. मधल्या काळात पुणे केंद्रावर नोकरीला होते पु. ल. देशपांडे, ज्यांची बोटं पेटीवर कशी फिरत हे महाराष्ट्राला सांगायला नको. खात्याने बंदी घातलेलं वाद्य घरी वाजवणारा सरकारी नोकर! पुलंनी यावर काही लिहिलं नसतं तरच नवल होतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर शनिवारचा तो कार्यक्रम आमच्या घरात कोणालाच कळत नव्हता. दादा तो लावत, कारण तो ‘चांगला’ असतो असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी अंथरुणात पडल्या पडल्या विलंबितातला तो न संपणारा आलाप ऐकत ‘हा माणूस सुरू कधी करणार’ याची वाट पाहायचो. पुढे कॉलेजात एका मैफलीत कोणी मारवा सुरू केला आणि मला तो ओळखता आला. कोणी शिकवला नव्हता. कंटाळ्यातून आत गेला होता.

पुण्याचं केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं आणि दोनच वर्षांत त्याने गीतरामायण दिलं. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून १९ एप्रिल १९५६ पर्यंत छप्पन्न गीतं, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आणि केंद्रावर सीताकांत लाड यांचा पाठपुरावा. बेत बावन्न आठवड्यांचा होता. अधिक मास आला म्हणून चार गीतं वाढली. पंचांगाने कवीवर लादलेला ओव्हरटाइम. आज गीतरामायण म्हटलं की फडक्यांचा, म्हणजे बाबूजींचाच, आवाज आठवतो, पण मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक असे कितीतरी गळे होते. या पुस्तकात त्यावर स्वतंत्र लेख आहे, तेव्हा मी हात आखडता घेतो.

फक्त एवढंच म्हणतो की त्या काळी या इमारतींत भरलेली माणसं पाहिली तर छाती दडपते. मुंबईला मंगेश पाडगावकर, आरती प्रभू, यशवंत देव. पुण्याला ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर, ज्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं तिथे काढली. हे लोक नोकरी म्हणून क्यूशीट भरत आणि ड्यूटी लावत. मीनावहिनी, प्रभाकरपंत आणि टेकाडे भावजी यांचा ‘प्रपंच’ मुंबई केंद्रावरून लागायचा तेव्हा नीलम प्रभू, प्रभाकर जोशी आणि बाळ कुडतरकर ही खरी नावं किती जणांना ठाऊक होती? माणसं त्या पात्रांना शेजारी समजत. क्रिकेटचं मराठी समालोचन करणारे बाळ ज. पंडित याच काळातले. मराठीत चेंडू सीमापार जाऊ शकतो, यावर लोकांचा विश्वास बसला तो त्यांच्यामुळे.

स्टुडिओ आतून कसा असतो ते एकदा जवळून पाहिलं, त्याची हकीकत सांगतो. केंद्र कोणतं ते सांगत नाही, कारण चूक माझीच होती. पोस्टाने कॉन्ट्रॅक्ट आलं: दहा मिनिटांची टॉक, विषय ‘गावचा बाजार’. मी शुद्ध अक्षरात बारा पानं लिहिली आणि कडेला टाचणी मारून नेली. स्टुडिओला दोन दारं असतात, एकामागे एक, मध्ये माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा. दुसरं दार मागे लागलं की कानांवर कोणी उशी दाबल्यासारखं वाटतं. भिंतींना भोकं पाडलेल्या पाट्या, खाली जाजम, समोर जाड काच, काचेपलीकडे चहाचा कप हातात धरलेला तंत्रज्ञ. आपला श्वास आपल्याला ऐकू येतो. दारावरचा तांबडा दिवा लागला आणि मी वाचायला लागलो. पहिलं पान उलटलं. लगेच भिंतीतून आवाज आला, ‘सर, कागद बोलतोय.’

त्याने आत येऊन टाचणी काढली, पानं सुटी केली, वाचून झालेलं पान उचलायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं हे करून दाखवलं. पुन्हा सुरुवात. या वेळी कागद गप्प राहिला, पण मी इतका घाबरलो होतो की दहा मिनिटांचा मजकूर सात मिनिटांत संपवला. उरलेल्या तीन मिनिटांत त्यांनी सतार लावली. टॉक लागली त्या दिवशी आमच्या अख्ख्या गावाने ऐकली. आठवड्याने काकांचं पत्र आलं: ‘कार्यक्रम उत्तम झाला. सतार फार छान वाजवलीस.’

नभोनाट्याच्या स्टुडिओत तर याहून मजा. नारळाच्या करवंट्या आपटून घोडा, चुरगळलेल्या सेलोफेनमधून विस्तव, सुपात तांदूळ फिरवून पाऊस. टेपची स्पुलं महाग. कितीतरी उत्तम कार्यक्रम पुसून त्याच टेपवर दुसरे भरले गेले. ब्लेडने टेप तिरकी कापून चिकटपट्टीने जोडणाऱ्या बोटांबद्दल एका तंत्रज्ञाने या पुस्तकात लिहिलं आहे. माझ्या मते तो या संग्रहातला सर्वोत्तम लेख आहे. प्रस्तावनेत असं बोलू नये म्हणतात. असू दे.

बातम्यांबद्दल मात्र सरळ बोलायला हवं. मराठी निवेदक ‘बातम्या देत आहे’ म्हणतो, ‘वाचत आहे’ म्हणत नाही. हातात काहीतरी ठेवल्यासारखा तो शब्द आहे, आणि आम्ही ते भरवशाने घेत असू. साडेआठच्या दिल्लीच्या मराठी बातम्यांना गल्लीतलं प्रत्येक घर एकच आवाज काढायचं. शाळेला जाताना एका दारातलं वाक्य पुढच्या दारात पूर्ण व्हायचं. पण हा भरवसा सरकारी होता. २६ जून १९७५ ला आणीबाणीची घोषणा याच रेडिओने दिली आणि पुढे एकवीस महिने त्याने जे दिलं नाही त्याचा हिशेब मोठा आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधी गेल्याचं बीबीसीने कितीतरी आधी सांगितलं. आकाशवाणीवर यायला संध्याकाळ व्हावी लागली. त्या दिवशी आमच्या आळीत पहिल्यांदा लोकांनी बातम्यांसाठी सुई आपण होऊन हलवलेली मी पाहिली. स्वायत्ततेची शिफारस चंदा समितीने १९६६ मध्ये केली होती, वर्गीज समितीने १९७८ मध्ये केली. प्रसार भारतीचा कायदा झाला १९९० मध्ये आणि अंमलात आला १९९७ मध्ये. कायदा झाला म्हणून सवय जाते असं नाही. हे पुस्तक प्रेमाने लिहिलेलं आहे, आणि प्रेमात या पानावरून पटकन पुढे जायचा मोह होतो. दोन लेखकांना तो झाला आहे. त्यांची उणीव मी इथे भरून काढतो आहे असं समजावं.

रात्री रेडिओ वेगळाच व्हायचा. दिवसा मध्यम लहरी जमिनीलगत जातात आणि वरच्या वातावरणाचा एक थर त्यांना गिळतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लाटा आणखी वरून परतून दूर दूर उतरतात. म्हणून रात्री दहानंतर पुण्याच्या सुईखालून भलतीच माणसं बोलायला लागत. कधी तमिळ, कधी उर्दू, कधी कोणती तरी न ओळखलेली भाषा आणि तिच्यातलं गाणं. मधूनच धीम्या गतीच्या बातम्या लागत. निवेदक एकेक वाक्य सावकाश सांगायचा, मग तेच पुन्हा, नावं फोड करून. जिल्ह्याच्या गावी छोट्या वर्तमानपत्राच्या कचेरीत कोणी उपसंपादक कंदिलाशी बसून ते उतरवून घेत असणार. मला वाटायचं, हा माणूस माझ्यासारख्याच एका मंद मुलाला शुद्धलेखन घालतो आहे. मीही वहीत उतरवून घ्यायचो. सकाळी दादांच्या हातातल्या वर्तमानपत्रात तेच वाक्य दिसलं की कोणाचा तरी गृहपाठ पकडल्यासारखं वाटे.

माझा भाचा म्युनिकला असतो. रत्नागिरीचा मुलगा, आईवडील आता तिथे नाहीत, घर बंद आहे. फोनवरच्या ॲपमध्ये तो रत्नागिरी केंद्र लावतो. जगातलं काहीही लावता येत असताना हेच का, असं मी त्याला विचारलं नाही. मागच्या भाद्रपदात एका संध्याकाळी त्याचा फोन आला. मागे ट्रामची घंटा वाजत होती. म्हटलं, काय रे, सगळं ठीक? म्हणाला, ‘मामा, तीन नंबरचा बावटा लावलाय. उद्या होड्या जायच्या नाहीत.’